प्यो ओक-सिम इथे राहत नाही

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, ग्युतेची आई कोण म्हणून, तर लोक आधी माझ्या आवाजाबद्दल बोलतील आणि मग माझं पार्लर दाखवतील. त्या दिवशी तर माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. शेजारच्या बोरामच्या आईने पुन्हा माझ्या पायऱ्यांवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. वारा आला की तिखट आत. केसांना कर्ल करायला बसलेली गिऱ्हाइकं शिंकायला लागायची, आणि डोक्यावर रोलर लावलेली बाई शिंकली की रोलर कुठे जातात ते मला विचारू नका. या मिरच्यांपायी आमची दोन आठवड्यांपासून बोलाचाल बंद होती.

अशा वेळी तो नवा पोस्टमन आला. हेल्मेट न काढता दारातूनच म्हणाला, प्यो ओक-सिम कोण आहे, रजिस्टर पत्र आहे.

आमच्या तीन दुकानांना मिळून घर नंबर एकच. माझं पार्लर, बोरामच्या आईचं तयार भाज्यांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर योमसाहेबांची अर्ज लिहून द्यायची खोली. मी त्याला म्हटलं, या नावाची बाई इथे नाही. तो म्हणाला, पत्ता तर हाच आहे. मी म्हटलं, बावीस वर्षं मी इथे आहे, तू किती दिवसांचा आहेस? तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आला. बोरामची आई त्या वेळी रोज धक्क्यावर खारवलेली कोळंबी आणायला जाते, तिचं दुकान बंद असतं. मी त्याला पुन्हा घालवलं. रजिस्टर पत्रातून कधी कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. कोण ती प्यो ओक-सिम असेल ती, तिच्यावरचं संकट आमच्या दारात नको, एवढाच माझा विचार. त्याने पाकिटावर काहीतरी खरडलं, शिक्का मारला आणि स्कूटर घेऊन गेला. मी विसरूनही गेले.

आठ दिवसांनी बोरामची आई एप्रन तसाच घालून पार्लरमध्ये आली. चेहरा पार उतरलेला. तीन आठवड्यांनंतरचे तिचे पहिले शब्द होते, "ताई, माझा पत्ता काढून घेतायत."

मला वाटलं, घरमालकाने दुकान रिकामं करायला सांगितलं. पण ती बोलत होती इंटरनेटवरच्या पत्त्याबद्दल. बोरामजिप डॉट के-आर. बोरामजिप म्हणजे बोरामचं घर.

त्याची गोष्ट अशी. बोराम तेरा वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मास्तरांनी मुलांना वेबसाइट करायला शिकवलं होतं. इतर मुलांनी गायकांच्या वेबसाइट केल्या, हिने आईच्या दुकानाची केली. पत्त्याची नोंद मास्तरांनी स्वतःच्या नावावर करून दिली, कारण तेरा वर्षांच्या मुलीला कोण देणार. तेव्हापासून, म्हणजे दोन हजार सालापासून, बोरामची आई रोज सकाळी त्यावर तीन ओळी लिहिते. आज काय केलंय, हवा कशी आहे, गल्लीत कोण आजारी आहे, कुणाला नातू झाला. खाली लिहिते, 'बोरामची आई'. झालं. पण पुढे आमची अर्धी गल्ली पाडून तिथे पंचवीस मजली इमारती झाल्या, माणसं चारी दिशांना पांगली. ती सगळी अजूनही सकाळी चहा-कॉफीबरोबर या तीन ओळी वाचतात आणि तिथूनच भाज्या मागवतात. बोराम स्वतः आता मासळीवर संशोधन करणाऱ्या जहाजावर असते. जहाज कुठेही असो, तीही वाचते. आईने एक दिवस लिहिलं नाही तर दुपारपर्यंत तिचा फोन येतो.

आता एका मोठ्या कंपनीने तयार जेवणाची पाकिटं बाजारात आणली होती आणि त्यांना नाव दिलं होतं बोरामजिप. दोन हजार एकोणीस साली ट्रेडमार्कही घेतला होता. कंपनीचं म्हणणं, नाव आमचं, तेव्हा हा पत्ताही आमच्याकडे द्या. त्यांनी या असल्या तंट्यांसाठी जी समिती असते तिच्याकडे तक्रार केली होती. समितीतल्या बाईंनी वेबसाइटवरचा नंबर पाहून फोन केला होता, की तुमचं उत्तर आलेलं नाही, मुदत चौदा दिवसांची आहे, त्यातले सहा उरलेत.

आम्ही दोघी वर योमसाहेबांकडे गेलो. योमसाहेब तीस वर्षं कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोकांचे अर्ज लिहून देतात. केस माझ्याकडेच काळे करून घेतात, त्यामुळे मी त्यांना कसलीही फी देत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्रार उघडली, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "बोरामची आई, हे सगळं तुम्हाला आठ दिवसांपूर्वी ईमेलने आलंय. पोस्टानेही आलं होतं. ईमेल कधी पाहिली नाहीत का?"

ती म्हणाली, ईमेल बोराम बघते, आणि ती समुद्रात आहे, तिथे वेबसाइट उघडते, ईमेल नाही.

"आणि पोस्टाचं पाकीट परत गेलंय. या नावाचं इथे कुणी राहत नाही असा शेरा आहे."

"कोणत्या नावाचं?" मी विचारलं.

"प्यो ओक-सिम," योमसाहेब म्हणाले आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

 बोरामची आई म्हणत होती, असं कसं परत गेलं, मी तर इथेच असते. मी खिडकीबाहेर बघत बसले. खरं तर तिथेच बोलून टाकायला हवं होतं. पण तीन आठवड्यांचं भांडण चालू असताना मी काय सांगणार होते? मिरच्यांचा राग म्हणून मी तिचं पत्र घालवलं असंच सगळ्यांना वाटलं असतं. कुणी मला तसं म्हटलं असतं तर मीही भांडले असते, पण मनातून त्यांचं पटलं असतं. 

योमसाहेबांनी आम्हाला तक्रार समजावून सांगितली. नाव एकच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कंपनीचं खरं म्हणणं पुढे होतं. ते म्हणत होते, हा पत्ता प्यो ओक-सिम नावाच्या बाईने दोन हजार वीस साली घेतला, म्हणजे आमचा ट्रेडमार्क झाल्यानंतर. या बाईच्या नावात बोराम नाही, तिच्या दुकानाच्या नावात बोराम नाही. आमच्या नावावर आपली पोळी भाजून घ्यायला तिने तो घेतलाय.

"दोन हजार वीस कसं?" मी म्हटलं. "वीस वर्षं आधीपासून आहे तो."

तेव्हा बोरामच्या आईने मान खाली घातली. त्या साली मास्तर वारले होते आणि पत्त्याची मुदत वाढवायची राहिली. अकरा दिवस वेबसाइट बंद होती. मग बोरामने धावपळ करून तोच पत्ता आईच्या नावावर नव्याने घेतला. त्यामुळे सरकारी नोंदीत प्यो ओक-सिम दोन हजार वीसमध्ये उगवली होती.

"म्हणजे आपल्याला एवढंच दाखवायचंय," योमसाहेब म्हणाले, "की ही बाई ट्रेडमार्कच्या आधीपासून बोरामजिप याच नावाने ओळखली जाते. ते दाखवलं की पत्ता तुमचा. सुनावणी वगैरे काही नसते, सगळं कागदावर. कागद आणा."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. ही बोरामजिप आहे हे गल्लीतल्या मांजरांनाही माहीत आहे. पण कागद काढायला बसलो आणि आमचे डोळे पांढरे झाले.

दुकानाच्या परवान्यावर नाव होतं सॉंगसिम. आधीच्या मालकाची पाटी चांगली होती म्हणून हिने पंचवीस वर्षांत बदलली नव्हती. परवाना भिंतीवर लावलेला होता, पण त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं, तेव्हा त्यावरचं मालकिणीचं नावही कुणी पाहिलेलं नाही. विजेचं बिल आधीच्या मालकाच्या मेलेल्या बापाच्या नावावर. वेबसाइटवरचे तेवीस वर्षांचे लेख सगळे बोरामच्या आईचे, त्यात प्यो ओक-सिम हा शब्द एकदाही नाही. मग योमसाहेबांना सुचलं, की सरकारी दाखल्यावर ही बोरामची आई आहे असं असेलच, तेवढं पुरेसं आहे. त्यांनी लगेच दाखला काढला. त्यावर प्यो ओक-सिमच्या मुलीचं नाव होतं मुन ह्ये-जंग.

"ही कोण?" योमसाहेबांनी विचारलं.

"बोरामच," तिची आई म्हणाली. "ते नाव आजोबांनी ठेवलं, दप्तरात तेच आहे. पण घरात कुणाला ते आवडलं नाही, म्हणून आम्ही बोराम म्हणतो."

योमसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, कागदावर बघायला गेलं तर बोराम नाही, बोरामची आई नाही, दुकानही नाही, तरी मी तिथूनच रोज जेवण आणतो. एवढं बोलून ते खरंच तिच्याच दुकानातला डबा उघडून जेवायला बसले.

शेवटी ठरलं की गल्लीतल्या बायकांनी लिहून द्यायचं. मी कंबर कसली. माझ्या हातून जे झालं होतं ते असं तरी भरून निघेल, असं मनाला समजावत मी दोन दिवसांत सतरा बायकांकडून कागद लिहून घेतले. पंचवीस मजल्यांवर चढून जुन्या शेजारणींना गाठलं. सगळ्यांनी मनापासून लिहिलं. सेरीच्या आईने तर तीन पानं लिहिली, त्यातलं दीड पान कमळकाकडीवर होतं. मी गठ्ठा ऐटीत योमसाहेबांपुढे टाकला.

त्यांनी एक एक कागद उलटला. सेरीची आई. जुळ्यांची आई. जुन-होची आई. इस्त्रीवालीची सून. खाली सह्याही तशाच.

"या कोण आहेत?" ते म्हणाले.

"कोण म्हणजे? सेरीची आई तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे हो. समितीला सेरीची आई म्हणजे कोण हे कसं कळणार? खरी नावं पाहिजेत, जन्मतारीख पाहिजे, ओळखपत्राची प्रत पाहिजे, अंगठा पाहिजे. तुमचा तर कागदच दिसत नाही यात."

मी म्हटलं, मी नंतर देते. आणि खाली पळाले.

आता माझं का अडलं होतं तेही सांगते. पाकिटाची गोष्ट तर होतीच, पण आणखी दोन होत्या, आणि त्या मी बावीस वर्षं दाबून ठेवल्या होत्या.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी आमची किमजांग होती. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, सगळ्यांनी मिळून घालायचा दिवस, तो कुणासाठी पुढे ढकलता येत नाही. बोरामच्या आईच्या मागच्या अंगणात दीडशे कोबी मीठ खाऊन निथळत पडले होते. मुळ्याचे ढीग, पात, लसूण, कोळंबी आणि माझ्या पायऱ्यांवर वाळलेल्या त्या मिरच्यांचं तिखट. आम्ही अठरा-एकोणीसजणी गुलाबी रबरी हातमोजे घालून वर्तुळ करून बसलो होतो. मोठ्या पातेल्यात डुकराचं मटण शिजत होतं. ऊन छान पडलं होतं. पत्ता जातो की राहतो या काळजीनेही बायकांची तोंडं बंद झाली नव्हती, आणि मला ते बरं वाटत होतं.

योमसाहेब फाइल घेऊन आले आणि मधोमध स्टूल टाकून बसले. म्हणाले, चला, एकेक करून नाव सांगा.

 तुम्हाला खोटं वाटेल, पण वीस-वीस वर्षं एकमेकींच्या बाळंतपणाला आणि एकमेकींच्या सासूच्या मयताला गेलेल्या आम्ही बायका, आम्हाला एकमेकींची नावं माहीत नव्हती. सेरीची आई लाजून म्हणाली, "बांग यंग-जा." कुणीतरी म्हणालं, अगं, किती छान नाव आहे, तू यंग-जा आहेस होय? जुळ्यांच्या आईच्या तोंडून पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा ती मोठ्याने म्हणाली, "दो ग्वी-नाम," आणि मग स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तिची आई वारल्यापासून तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मग सगळ्यांना चेवच चढला. यंग-जा, मीठ दे. ग्वी-नाम, सरक तिकडे. लग्नाआधीच्या मुली जमल्यासारखा गलका सुरू झाला. मी खाली बघून कोबीच्या पानांत मसाला भरत राहिले.

योमसाहेबांनी सगळे कागद पुरे केले, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. मी विचारलं, आता काय राहिलं. ते म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण या सगळ्या मैत्रिणी. कंपनीचा वकील म्हणेल, तंटा झाल्यावर शेजारणींना बसवून लिहून घेतलंय. कुणीतरी परकं पाहिजे होतं. उत्तर लिहायला बसायच्या आधीचा एखादा कागद, त्यावर सरकारी शिक्का, की ही बाई प्यो ओक-सिम म्हणून नाही तर बोरामजिप म्हणूनच ओळखली जाते. असा कागद असता तर मी निश्चिंत झोपलो असतो.

माझे हात थांबले. असा कागद होता, आणि तो माझ्यामुळेच झाला होता. बोरामची आई समोरच बसली होती, मिरचीचा डाग तिच्या गालावर लागलेला, आणि ती कोबीकडे बघत शांतपणे म्हणाली, "जाऊ दे. नवीन पत्ता घेऊ. माणसं शोधत येतील." पण ती माणसं शोधत येणार नाहीत हे तिलाही माहीत होतं. ती सत्तर-ऐंशी वर्षांची होत आली आहेत, त्यांच्या मुलांनी ते एकच बटण त्यांना दाबायला शिकवलंय.

"योमसाहेब," मी म्हणाले, "ते परत गेलेलं पाकीट. त्यावर पोस्टाचा शिक्का आहे ना?"

"आहे. त्या पाकिटानेच तर आपले आठ दिवस खाल्ले."

"ते मी परत पाठवलं. दोनदा."

 बोरामच्या आईने माझ्याकडे पाहिलं. "मिरच्यांवरून?" तिने विचारलं.

तिने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते एक 'मिरच्यांवरून' मला फार लागलं.

"नाही गं," मी म्हणाले. "मिरच्यांवरून मी तुझ्या मिरच्या गटारात लोटल्या असत्या. मला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला प्यो ओक-सिम, मी म्हटलं इथे असं कुणी नाही. बोरामची आई म्हणाला असता तर मी त्याला हाताला धरून तुझ्याकडे आणला असता. बावीस वर्षं तुझ्या हातचं खातेय आणि मला तुझं नाव माहीत नव्हतं. कळल्यावर सांगायची भीती वाटली. झालं, आता काय बोलायचं ते बोल."

तिने हातातलं कोबीचं पान पुरं भरलं. मग म्हणाली, "ताई, मला तरी तुमचं कुठे माहीत आहे?"

योमसाहेब स्टुलावरून उठले होते. त्यांनी हातातला मटणाचा तुकडा परत ताटलीत ठेवला, आणि योमसाहेब असं कधी करत नाहीत. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. "पोस्टमनने तुम्हाला विचारलं, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या तुम्ही, बावीस वर्षांच्या शेजारीण, नाही म्हणालात. दोनदा. आणि पोस्टाने शिक्का मारून लिहिलं, या नावाची व्यक्ती इथे राहत नाही. ते पाकीट समितीच्याच कपाटात आहे. अहो बाई, तेव्हा तर तुम्हाला तंटा आहे हेही ठाऊक नव्हतं. कंपनी यावर काय बोलणार? बसा. सगळं जसंच्या तसं सांगा. मिरच्यांसकट."

मी सांगितलं. त्यांनी मिरच्यांसकट लिहून घेतलं. आणि मग पेन रोखून म्हणाले, "नाव?"

पळायला जागा नव्हती. एका बाजूला कोबी, दुसऱ्या बाजूला जुळ्यांची आई.

"क्वाक माल-सुक," मी म्हणाले.

आमच्याकडे माल-सुक म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. शेवटची मुलगी. आता पुरे, पुढचा मुलगा होऊ दे, म्हणून ठेवलेलं नाव. पार्लरच्या पाटीवर मी कधी स्वतःचं नाव घातलं नाही त्याचं कारण हेच. कुणी हसलं नाही. फक्त सेरीच्या आईने विचारलं, "मग झाला का मुलगा?"

"माझ्यानंतर आणखी दोन मुली झाल्या."

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या, आणि मला स्वतःलाही हसू आलं. पण योमसाहेबांचं पेन तसंच होतं. "जन्मतारीख?"

"ती कशाला पाहिजे?"

"माल-सुकबाई, ओळखपत्र द्या."

ते एप्रनच्या खिशात होतं, आणि माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत तिखट. सेरीच्या आईने खिशात हात घातला, कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचलं. एकोणीसशे एकोणसाठ, नोव्हेंबर.

"एकोणसाठ?" बोरामची आई म्हणाली. "म्हणजे डुकराचं वर्ष. मी पण डुकराच्या वर्षाची. ताई, तुम्ही तर कुत्र्याच्या वर्षाच्या ना?"

ही माझी तिसरी गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक जन्मवर्षाला एका प्राण्याचं नाव असतं, आणि डुकराच्या आधीचं वर्ष कुत्र्याचं. या गल्लीत आले त्या पहिल्या दिवशी तिने मला वर्ष विचारलं होतं. धाकटी ठरले असते तर जन्मभर सगळ्यांना पाणी देत बसावं लागलं असतं. म्हणून तिने आपलं वर्ष सांगताच मी त्याच्या आधीचं वर्ष सांगून टाकलं. तेव्हापासून पहिला घास मला, पहिली खुर्ची मला, भांडणातही 'अहो ताई' आणि 'तुम्ही'.

बोरामची आई तिखटाने लाल झालेल्या हातमोज्याच्या बोटांवर महिने मोजत होती. "माझा मार्च," ती म्हणाली. "आठ महिन्यांनी मोठी आहे मी हिच्यापेक्षा. बावीस वर्षं मी हिला ताई म्हणतेय."

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण सगळं अंगण लोळत होतं. जुळ्यांची आई हसता हसता निथळलेल्या कोबीच्या टोपलीत बसली. योमसाहेबांनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली, मी हातमोजा काढला, पण आत तिखट शिरलं होतं. कागदावर उमटलेल्या अंगठ्यात शाई किती आणि मिरची किती ते मी शपथेवर सांगू शकत नाही. योमसाहेब ओरडले, दुसरा कागद नाहीये माझ्याकडे. मग तोच तसाच लावला.

उत्तर दुसऱ्या दिवशी वेळेत गेलं. बोरामची आई माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती, फक्त मला हाक मारत नव्हती. मीही तिला मारत नव्हते. कुणाला काय म्हणायचं तेच कळत नव्हतं.

डिसेंबर संपत आला तेव्हा तो पोस्टमन पुन्हा दिसला. या वेळी पार्लरपाशी न थांबता तो पुढे चालला होता. मी कात्री तशीच हातात घेऊन बाहेर पळाले. तो दोन पावलं मागे सरकला.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.

"प्यो ओक-सिम," तो बिचकत म्हणाला. "पण तुम्ही म्हणाला होता की..."

"इथेच राहते ती," मी म्हटलं, आणि त्याला हाताला धरून तिच्या दारात नेऊन उभा केला.

योमसाहेबांना वरून बोलावलं. त्यांनी पाकीट फोडलं, पहिलं पान सोडलं, सरळ शेवटचं काढलं. तक्रार फेटाळली. पत्ता जिथे आहे तिथेच राहील. बोरामची आई खालीच बसली, कांद्याच्या पोत्यावर, आणि एप्रन तोंडाला लावून रडली. मीही रडले, मला रडायला कुणाच्या बापाची भीती नाही. मग योमसाहेबांनी मधलं एक वाक्य वाचून दाखवलं. मी ते त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे आणि ते आता माझ्या पार्लरच्या आरशावर चिकटवलेलं आहे: 'बावीस वर्षांच्या निकटच्या शेजारी श्रीमती क्वाक माल-सुक यांनाही प्रतिवादीचं नोंदणीतलं नाव ठाऊक नव्हतं, त्या तिला केवळ बोरामच्या नावानेच ओळखत होत्या, आणि पोस्टाचा शेरा याला दुजोरा देतो.' ज्या नावाची मला चौसष्ट वर्षं लाज वाटली ते सरकारी निकालात श्रीमती लावून छापून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरामजिपवर तीन ओळी आल्या. 'आज कमळकाकडी, वाळकी मासोळी, मुळ्याची किमची. हवा थंड आहे, पत्ता हाच आहे. शेजारची माल-सुक चौसष्टाव्या वर्षी धाकटी झाली आहे, सांभाळून घ्या.' खाली सही होती, 'प्यो ओक-सिम, बोरामची आई'. दुपारपर्यंत त्याखाली दोनशेच्या वर उत्तरं आली, आणि प्रत्येक बाईने आपलं स्वतःचं नाव आधी लिहिलं होतं. जहाजावरून बोरामने विचारलं होतं, की माल-सुक मावशी म्हणजे नक्की कोण.

त्याच सकाळी माझ्या पायरीवर एक डबा ठेवलेला होता. तिच्या डब्यांच्या झाकणावर ज्याचं त्याचं नाव लिहिलेलं असतं. माझ्या डब्यावर नेहमी 'ग्युते' असायचं. या वेळी 'माल-सुक' होतं, तिच्या वाकड्या अक्षरात.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. मी त्यात वाळवलेली पर्सिमन फळं भरली आणि ऐन गर्दीच्या वेळी तिच्या दुकानात गेले. सेरीची आई होती, योमसाहेब होते, आणखी चार गिऱ्हाइकं होती. ती तागडीत भाजी घालत होती, तिने वर पाहिलंच नाही. मी डबा काउंटरवर ठेवला. बावीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे घसा आधी साफ करावा लागतो, तो केला.

"ताई," मी म्हणाले, "तुमचा डबा."

तिने तागडी खाली ठेवली. "ऐकू नाही आलं गं, माल-सुक," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.